वाचकांचे प्रश्न : ‘सर्वांचे स्वागत आहे’, तरी तेच चेहरे

प्रश्न : तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आम्हा काही पदविकाधारक आणि पदवीधर मित्रांनी तीन वर्षांपूर्वी एक अभियांत्रिकी गट सुरू केला. शेतकऱ्यांच्या मोटारपंपांचे स्टार्टर दुरुस्त करणे, दिव्यांगांच्या तीनचाकी सायकलींत सोयीचे बदल करून देणे आणि आश्रमशाळांत विज्ञानाचे प्रयोग करून दाखवणे ही कामे आम्ही विनामूल्य करतो. गटात २३ स्वयंसेवक आहेत. त्यांत स्त्रिया दोनच आणि कोलाम, गोंड किंवा पारधी समाजातील एकही नाही. आमच्या प्रत्येक आवाहनात ‘सर्वांचे स्वागत आहे’ असे लिहिलेले असते. तरी असे का होते? गटातील विविधतेची नोंद ठेवावी असे मी सुचवले, तेव्हा ‘जात विचारली की गट फुटेल’ असे मित्रांचे म्हणणे पडले. काय करावे?
— एक वाचक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रातील ‘मित्रांनी’ या शब्दाशी मी थांबलो. एका मित्राने दुसऱ्याला बोलावले, त्याने आपल्या वर्गमित्राला आणले, आणि आवाहन फिरले तेही याच मंडळींच्या व्हॉट्सॲपवरून; कोलामांच्या पोडावर, बंजाऱ्यांच्या तांड्यावर किंवा पारध्यांच्या बेड्यावर ते गेलेच नसावे, आणि गेले असले तरी ते आपल्यासाठी आहे असे तिथे कोणाला वाटले नसावे. चौकातल्या फलकावर लावलेली लग्नपत्रिका वाचून कोणी जेवायला जात नाही. घरी येऊन, नाव घेऊन सांगावे लागते.

म्हणून पहिले काम प्रत्यक्ष जाण्याचे आहे. पोडावर जाताना त्या पोडातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा आशाताईंना बरोबर घ्यावे, घरात कोलामी बोलणाऱ्या माणसाशी बोलताना आपल्या पुस्तकी मराठीची भिंत उभी राहू नये याची काळजी घ्यावी, आणि ‘स्वयंसेवक हवेत’ असे मोघम न म्हणता नेमके काम सांगावे : पंधरवड्यातून एक दिवस, तीन तास, स्टार्टर खोलून जोडायला शिकायचे आणि मग दुसऱ्याला शिकवायचे, येण्याजाण्याचे भाडे गट देईल, शिक्षणाची अट नाही. ही शेवटची ओळ वगळू नका. ‘अभियांत्रिकी गट’ हे नाव वाचले की आयटीआय झालेला वायरमन, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वीस वर्षे काढलेला कारागीर आणि बचत गटाची डाळमिल चालवणारी बाई, तिघेही आपण या नावात बसत नाही असे समजतात. वास्तविक आपल्या गटाला ज्या प्रकारचे हात हवे आहेत, ते नेमके यांच्याकडे आहेत. (वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ आला आणि तेलघाणी व हातकागद यांवर तिथे प्रयोग झाले, पदवीशिवायचे तंत्रज्ञान विदर्भाला नवे नाही, विसर मात्र पडला आहे.)

दुसरी गोष्ट वेळेची. बैठका कधी आणि कुठे होतात ते आपण लिहिले नाही, परंतु असे बहुतेक गट रविवारी संध्याकाळी कोणाच्या तरी दुकानात जमतात, असा माझा अनुभव आहे. शेवटची एसटी निघून गेल्यावर संपणाऱ्या बैठकीला बाहेरगावची मुलगी येणार नाही, आणि ती आली नाही म्हणून तिला रस नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. तिकीट स्वस्त झाले म्हणून परतीची गाडी उशिरा सुटू लागत नाही. तसेच कापूस वेचणीच्या दिवसांत शिबिरे ठेवू नयेत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे त्या हंगामातला एक दिवस म्हणजे घरातले पैसे. ज्याला तो सोडणे परवडते तोच मग तुमच्याकडे येतो. कुटुंबे मजुरीवर जगतात तिथे निव्वळ विनावेतन सेवेची अपेक्षा ठेवणे हीसुद्धा एक प्रकारची निवडच आहे. भाडे आणि जेवण देऊनही काही जण येऊ शकणार नाहीत, हे मान्य करून दिवसाचे मानधन देता येते का, याचा विचार गटाने मोकळेपणाने करावा.

आता नोंदीचा प्रश्न. आपल्या मित्रांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, पण न विचारल्याने जात नाहीशी होत नाही. महाराष्ट्रात आडनाव ऐकताच माणूस मनातल्या मनात रकाना भरून टाकतो. म्हणून नोंद ठेवणाराने अंदाजाने काहीही लिहू नये. ज्याची माहिती त्यानेच, स्वेच्छेने, नाव न लिहिता वेगळ्या कागदावर द्यावी आणि प्रत्येक प्रश्नापुढे ‘सांगायचे नाही’ हा पर्याय असावा. कागदाच्या माथ्यावर ही माहिती कशासाठी घेतली, कोण पाहील आणि मूळ कागद केव्हा नष्ट केले जातील, हे तीन ओळींत छापावे. मी स्वतः जात विचारणार नाही, सामाजिक प्रवर्ग विचारेन. त्यासोबत घरात बोलली जाणारी भाषा आणि राहण्याची वस्ती : गाव, तांडा, पोड की बेडा. आपल्या भागात ही दोन उत्तरे प्रवर्गापेक्षाही अधिक सांगून जातात. दिव्यांगत्वाबाबत प्रमाणपत्र मागू नये. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते, आणि या २१ पैकी कित्येक नुसते पाहून ओळखू येत नाहीत. तेव्हा ‘काम करताना आपल्याला कोणती सोय लागेल?’ एवढे विचारले की पुरे. अकरावी-बारावीची मुले येत असतील तर आईवडिलांची संमती घ्यावी; वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याची दृष्टी अठरा वर्षांखालील मुलांबाबत तीच आहे.

गट लहान असताना टक्केवारीने स्वतःची फसवणूक होते. आज आपल्याकडे स्त्रियांचे प्रमाण सुमारे नऊ टक्के. त्यांतील एकीचे लग्न होऊन ती गेली की ते साडेचारवर येईल. म्हणून संख्याच लिहावी, आणि एखाद्या वर्गात पाचांपेक्षा कमी जण असतील तर तो आकडा गटाबाहेर देऊ नये, कारण एकच अंध स्वयंसेवक असेल तर ‘अंध : १’ म्हणजे त्याचे नावच छापणे झाले. तुलना कशाशी करायची, तर राज्याशी नव्हे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे प्रमाण सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास होते, यवतमाळ जिल्ह्यात ते साडेअठराच्या घरात होते. त्या हिशेबाने २३ जणांत चार तरी आदिवासी असायला हवे होते. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाववार आकडे मिळतात, ते काढून आपल्या तालुक्याचा हिशेब मांडा.

आणि मोजणी एकदाच करून थांबू नये. किती जणांना प्रत्यक्ष जाऊन विचारले, किती आले, त्यांतले तिसऱ्या वेळी किती आले आणि जबाबदारी कोणाला मिळाली, हे चार आकडे दर सहा महिन्यांनी समोर ठेवले की गळती नेमकी कुठे आहे ते दिसते. पोडावरची पाच मुले आली आणि तिसऱ्या वेळी एकही आला नाही, तर दोष निमंत्रणाचा नसून बैठकीतल्या वागणुकीचा असण्याचा संभव अधिक. अशा वेळी सोडून गेलेल्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे आणि ऐकताना खुलासे देऊ नयेत. हे सर्वांत अवघड आहे.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्या गटात मी स्वयंसेवक आहे, त्याच्या प्रत्येक शिबिरात मला हजेरीची नोंदवही, पाहुण्यांचे स्वागत आणि चहापाणी हीच कामे मिळतात. पाना हातात येतो तो छायाचित्रापुरता. तक्रार केली तर ‘तुझे अक्षर छान आहे’ असे उत्तर मिळते. मी गट सोडावा का?
— एक वाचक, मानोरा तालुका, जि. वाशिम

उत्तर : सोडण्याचा अधिकार तुम्हाला आहेच, आणि सोडलात तर कोणी त्याला माघार म्हणू नये. पण त्याआधी एक करून पाहा. नोंदवही तुमच्याच ताब्यात आहे. ‘नाव’, ‘गाव’ आणि ‘सही’ यांच्यापुढे आणखी एक रकाना आखा : ‘आज केलेले काम’. प्रत्येकाला तो स्वतःच्या हाताने भरायला लावा, तुमचीही ओळ त्यात येऊ द्या. तीन-चार शिबिरांनंतर ती पाने बैठकीत उघडी ठेवा. वेल्डिंग, स्टार्टर, जोडणी ही कामे कोणाच्या नावापुढे आहेत आणि चहा कोणाच्या, ते वाचायला चांगल्या अक्षराचीही गरज पडणार नाही. मग मागणी करा की पुढच्या शिबिरापासून कामांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि नोंदवहीची चिठ्ठीही त्याच डब्यात पडावी.