माळ्यावर आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आणि तीस-चाळीस जुन्या तबकड्या सापडल्यात, वाजवून बघू का? संग्रह सुरू करायचा तर काय लागतं?

आधी थांबा, पिन टेकवू नका. तुम्ही लिहिलंय की चावी फिरतेय आणि डबीत जुन्या पिना पण आहेत, म्हणजे आज रात्री जेवणं झाली की घरातले सगळे गोळा होऊन कार्यक्रम होणार हे मला इथून दिसतंय, कारण मीपण तेच केलं होतं आणि पहिल्याच आठवड्यात हिराबाई बडोदेकरांच्या एका तबकडीची वाट लावली होती.

मी मूळची मिरजेची, आता पुण्यात असते. सोळा-सतरा वर्षं झाली या नादाला. घरात सहाशेच्या आसपास तबकड्या आहेत आणि नवऱ्याच्या मते पाचशे जास्त आहेत. तर अनुभवाचं तेवढं सांगते, दुरुस्तीवाली मी नाही.

सगळ्यात आधी पिनेचं, कारण बहुतेक लोक इथेच माती खातात. या तबकडीला आपण लाखेची म्हणतो, पण तिच्यात लाखेपेक्षा दगडाची बारीक पूडच जास्त असते, शिवाय रंगाला काजळी. आता ही पूड कशाला, तर तबकडीची झीज कमी व्हावी म्हणून आणि शिवाय पिन घासली जावी म्हणून! स्टीलची पिन पहिल्या काही फेऱ्यांत त्या खाचेच्या मापाची घासून निघते, मग नीट बसते आणि गाणं साफ येतं. पण ती पुढेही घासतच राहते ना, तीन मिनिटांनी बाजू संपेपर्यंत तिच्या टोकाला दोन्हीकडून सपाट धार आलेली असते, आणि तीच पिन दुसऱ्या तबकडीवर ठेवली की ती पिन राहत नाही, पटाशी होते. वर साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन ज्यात बसते त्या गोल डबीचं, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. आत्ताच्या रेकॉर्ड प्लेयरची सुई दोन ग्रॅमनी टेकते, म्हणजे विचार करा.

म्हणून एक बाजू, एक पिन. दुसरी बाजू लावायची तर नवीन पिन. मला हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, पण मला वाटलं की हा दुकानदार पिना खपवायला सांगतोय, शंभर पिनांची डबी आणि एका रविवारी पंचवीस उडवायच्या म्हणजे काय. मग मी एकाच पिनेवर अख्खी दुपार काढली. संध्याकाळी तबकडी उचलली तर खाचांवर राखाडी पट्टा, काळी चकाकी गेलेली, आणि बोट फिरवलं तर बोटाला काळपट भुकटी. ती भुकटी म्हणजे हिराबाईंचं गाणं होतं हो. आता ती लावली की संथ भागात ठीक वाटतं, पण तान जोरात आली की खर्रर्र, बरोबर तिथेच जिथे ऐकायचं असतं. तुमच्या डबीतल्या पिना गंजलेल्या असतील तर सरळ फेकून द्या, आणि चकाकत असल्या तरी कोणीतरी वापरून परत टाकलेल्या असू शकतात, भिंगाखाली टोक बघा. नवीन मिळतात ऑनलाइन. जाडीवरून आवाज कमी-जास्त होतो, जाड पिन मोठ्ठा आवाज, बारीक पिन मऊ. त्या यंत्राला आवाजाचं बटण नसतंच, पिन हेच बटण. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बारीकच घ्या.

दुसरं, त्या तीस-चाळीसमध्ये एखादी एल पी, म्हणजे नंतरच्या काळातली प्लास्टिकची तबकडी, मिसळलेली नाही ना बघा. एल पी हलकी असते आणि थोडी वाकते, लाखेची जड, कडक, अजिबात न वाकणारी, वाकवायला गेलात तर मोडेल. एल पी वर स्टीलची पिन टेकवली की संपली ती, एकदाच. आणि ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही लाखेची तबकडी, फार पुराणीच असते असंही समजू नका. बाहेर देशांत ती बंद व्हायला लागली तरी आपल्याकडे साठच्या दशकात निघतच होत्या, वीज नसलेल्या गावातही चावीवर चालायच्या त्यामुळे मागणी होती. बीटल्सची गाणी ७८ च्या तबकडीवर भारतात निघाली होती आणि परदेशातले संग्राहक त्यासाठी वेडे होतात, तेव्हा तुमच्या ढिगात इंग्रजी काही दिसलं तर भंगारात टाकू नका :)

धुणं. स्पिरिट, सॅनिटायझर, कलोन, अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. (फर्निचरचं पॉलिश लाख स्पिरिटमध्ये घालूनच करतात ना, तेच.) गार पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मधलं लेबल भिजू द्यायचं नाही, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत उभी वाळवायची. उन्हात नको, पापडासारखी वर येते.

मशीनची स्प्रिंग कृपा करून स्वतः उघडू नका. डब्यातून सुटली तर हात कापते. आतलं ग्रीस इतक्या वर्षांत घट्ट झालेलं असतं म्हणून मधेच धप्प असा आवाज येतो आणि वेग डगमगतो, ते जाणकाराकडून साफ करून घ्या. साउंडबॉक्सच्या अभ्रकाच्या चकतीभोवतीचं रबरही दगड झालेलं असतं, त्यानेच ती फरफर येते आणि आपण तबकडीला शिव्या घालतो.

आता वेग. याबद्दल कोणी बोलत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

मी एकदा मिरजेला माहेरी मशीन घेऊन गेले होते. आमच्या गल्लीत तंबोरे करणारे एक काका, ते आले ऐकायला. नाट्यपद लावलं, मी आपली खूष, आणि काका मान हलवायच्या ऐवजी कपाळाला आठ्या घालून बसलेले. म्हणाले, "कुठल्या पट्टीत आहे गं हे?" मी म्हटलं मला काय माहीत. त्यांनी पेटी मागवली, सा शोधायला लागले तर तो काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधोमध कुठेतरी. म्हणाले साथीला पेटी वाजतेय त्यात, म्हणजे सूर कुठल्यातरी पट्टीवर यायला पाहिजे, मधे कसा लटकतोय, तुझं यंत्र पळतंय बाई. आणि उठून त्यांनी ती वेगाची पट्टी थोडी मागे घेतली, अगदी नखाएवढी, परत पिन बदलायला लावली आणि परत ऐकलं. मी तोपर्यंत पाच वर्षं ते पद ऐकत होते आणि गायकाचा आवाज जरा चिरका आहे असं माझं ठाम मत होतं. तो चिरका नव्हताच. माझ्या मशीनने केला होता.

हिशोब असा की ७८ ऐवजी ८२-८३ फेरे झाले की गाणं पूर्ण एक पट्टी वर चढतं. शिवाय सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या बरोबर ७८ वरच मुद्रित झालेल्या नाहीत, कमी-जास्त आहेत, आणि त्या काळच्या पेट्या आजच्या मोबाईलमधल्या ट्यूनरशी तंतोतंत जुळतीलच असंही नाही. त्यामुळे शेवटी कानच लावायला लागतो. पण निदान ७८ वर तरी आणा.

अजून एक, हे मशीन रोज ऐकायला नाही. मी त्यावर फक्त शेवटच्या काळातल्या, दोन-दोन प्रती असलेल्या फिल्मी तबकड्या लावते, पाहुणे आले की. बाकी ऐकणं ७८ चा वेग असलेल्या साध्या इलेक्ट्रिक टर्नटेबलवर, पण सुई ७८ ची वेगळी घ्यावी लागते, एल पी च्या सुईपेक्षा तिचं टोक जवळजवळ तिप्पट रुंद असतं. एल पी ची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन कचरा वाचत बसते, गाणं कमी, खरखर जास्त. आणि कॉम्प्युटरवर घेतलंत तर मोनोमध्ये घ्या, आणि खरखर काढायच्या सॉफ्टवेअरचा सोस करू नका, खरखरीबरोबर तंबोरा पण जातो.

संग्रहासाठी नवीन मशीन तर मुळीच घेऊ नका. बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे जे "अँटिक" ग्रामोफोन दिसतात ना, कुत्र्याचं चित्र चिकटवलेले, ते बहुतेक आत्ता जोडलेले असतात, शोभेला ठीक, पण तबकडी खातात. तुमचं आजोबांचं आहे ते सोनं आहे, त्याला नीट करा.

तबकड्या कुठे मिळतात, तर पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोरबाजार, रद्दीवाले, आणि खरं म्हणजे लोकांचे माळे. घेताना तिरक्या उजेडात धरून खाचा बघा, आणि मग मधल्या भोकात बोट घालून लोंबती धरा आणि कडेला हलकेच टिचकी मारा. धड असेल तर टण्ण करून वाजते, तडा असेल तर खोकल्यासारखी बद्द. गावठी माठ घेताना बघतो तसंच.

काय घ्यायचं हे तुमच्या कानावर आहे. मला दहा इंची, तीन मिनिटांच्या तबकड्या आवडतात कारण तासभर राग मांडणारी माणसं तीन मिनिटांत काय ठेवतात आणि काय टाकतात ते कळतं. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' ऐका, भैरवी, घाई कुठेच नाही आणि तरी संपतं तेव्हा सगळं सांगून झालेलं असतं. केसरबाई केरकरांचं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेलं भैरवीतलं 'जात कहाँ हो' पण साडेतीन मिनिटांच्या आसपासचंच आहे. अगदी सुरुवातीच्या मिळणं कठीण, १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान गायली ते आपल्याकडचं सुरुवातीचं मुद्रण, आणि १९०८ च्या सुमाराला कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत आपली गाणी छापून यायची जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. म्हणजे लाख आपल्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची, ती बोटीने जाणार, आणि गाणं होऊन परत येणार. त्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी गाणारी बाई मोठ्याने स्वतःचं नाव सांगते, तिकडच्या लोकांना कुठली तबकडी कोणाची ते कळावं म्हणून, असं सांगतात. माझी भाची पहिल्यांदा ते ऐकून दचकली होती.

मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथली माणसं लेबल आणि लेबलाशेजारी कोरलेला नंबर बघून बरंच सांगतात. तो नंबर तुम्हीही उतरवून ठेवा, वहीत, प्रत्येक तबकडीचा.

ठेवायच्या उभ्या, भांड्याच्या फळीत ताटं ठेवतो तशा, एकावर एक ढीग नको, खालच्या जातात. नुसत्या कागदी कव्हरमध्ये. फळी दणकट पाहिजे, शंभर तबकड्या म्हणजे वीस किलोच्या आसपास वजन. पावसाळ्यात बुरशी धरते, लेबलाला कसर लागते, तेव्हा महिन्यातून एकदा काढून बघायच्या.

आणि तडा गेलेली सापडली तर टाकू नका लगेच. माझ्याकडे एक आहे, टिचकी न मारता घेतली होती, घरी आल्यावर कडेपासून लेबलापर्यंत केसाएवढा तडा दिसला. ती लावली की प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् होतं. मशीन नीट करून आणलं की मी पहिल्यांदा तीच लावते आणि घड्याळ घेऊन बसते, अर्ध्या मिनिटात एकोणचाळीस टक् झाले पाहिजेत. परवा बेचाळीस झाले, म्हणजे वेगाची पट्टी परत मागे.