ईमचे लोक गाव सोडून पळाले का नाहीत?

प्रश्न : मुलगा शेफिल्डला नोकरीला आहे, ऑगस्टात आम्ही दोघं जातोय. तो म्हणतो जवळच ईम नावाचं प्लेगचं गाव आहे ते दाखवतो. आमची आजी सांगायची की उंदीर पडायला लागले की अख्खं गाव खाली करून लोक मळ्यात झोपड्या घालून राहायचे. मग हे इंग्रज गावातच का बसले? आणि तिथे बघायचं काय?
— एक वाचक, रावेर

उत्तर : दादा, जीव वाचवायचा म्हटलं तर आजीच्या लोकांचीच रीत बरी, उंदीर नि पिसवा राहिल्या गावात आणि माणसं मळ्यात. पण पिसवांचा संबंध सापडला १८९८ ला आणि ईमचा प्लेग १६६५ चा, त्यांना कुठून कळणार. सप्टेंबरात लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, दमट होता म्हणून त्याच्या कारागिराने, जॉर्ज व्हिकर्सने, तो शेगडीपुढे वाळत घातला असं सांगतात, आणि थोड्याच दिवसात तोच गेला. हिवाळ्यात साथ मंदावली, पण जून १६६६ ला परत भडकली तेव्हा पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, काढून टाकलेला थॉमस स्टॅन्ली, दोघांचं धर्मावरून पटत नव्हतं तरी एक झाले आणि गावाला राजी केलं की शिवेबाहेर कुणी जायचं नाही, म्हणजे आजूबाजूची गावं वाचतील. चर्च बंद, प्रार्थना बाहेर कक्लेट डेल्फच्या घळीत, आणि ज्याच्या घरचं मयत त्यानेच पुरायचं. आता हेही सांगतो की पाद्रीबुवांनी स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती आणि पैसेवाले काहीजण केव्हाच निघून गेले होते, म्हणजे मागे राहिला तो बहुतेक गरीबच. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २६० माणसं गेली.

बघायला म्हणाल तर आधी स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा शिवेचा दगड बघा, त्यात खळगे आहेत, पैशांवरून रोग बाहेर जाऊ नये म्हणून गावकरी त्यात व्हिनेगर घालून पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य-सामान ठेवून पैसे उचलून न्यायचे. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्याचे अर्ल, म्हणजे तिथले सरदार, तेसुद्धा मदत पाठवत होते. मग गावाबाहेर शेतात रायली ग्रेव्ह्ज, दगडी कुंपणात हॅन्कॉक कुटुंबाच्या कबरी, एलिझाबेथ हॅन्कॉकने ऑगस्टमध्ये ८ दिवसांत नवरा आणि ६ मुलं एकटीने पुरली, जवळ यायला कुणी तयार नव्हतं. हे चुकवू नका, बाकी राहिलं तरी चालेल. चर्चच्या आवारात पाद्रीच्या बायकोची, कॅथरीनची कबर आहे, आणि प्लेगच्याही कितीतरी शतकं आधीचा कोरीव सॅक्सन क्रॉस.

ऑगस्टचा शेवटचा रविवार जमला तर बघा, दरवर्षी त्या दिवशी घळीत प्रार्थना असते. आणि हो, आपल्या खानदेशातल्या धरणगावच्या भिल्ल पलटणीचा इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम, ईम ज्या डर्बीशायर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याचा, १८०३ ला बटर्ली हॉलला जन्मलेला, पोराला सांगा गाडी तिकडूनही काढ.