सिस्टरच्या फेऱ्या मोज

प्रिय मुली,

तुझा तक्ता पाहिला. सर्जिकल वॉर्डातल्या प्रत्येकीपुढे इंजेक्शनं, ड्रेसिंग, कॅथेटर असे आकडे मांडलेस, आणि सगळ्यांत चांगली सिस्टर तळाला गेली म्हणून गोंधळलीस. बरं झालं गोंधळलीस. हा तक्ता मेट्रनकडे देऊ नकोस. सिस्टरला मोजू नकोस, तिच्या फेऱ्या मोज.

ती पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटला धरून उठवते, टाक्यांवर उशी दाबून खोकायला शिकवते. त्यात वीस मिनिटं जातात. तुझ्या तक्त्यात त्याला रकानाच नाही!

अमेरिकेतल्या 36 रुग्णालयांत सिस्टरांचा वेळ मोजला, त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. एक तृतीयांशाहून जास्त वेळ लिखापढीत, प्रत्यक्ष रुग्णसेवेत जेमतेम पाचवा हिस्सा. आपल्याकडे तर गॉज संपलं की शेजारच्या वॉर्डात, इंडेंटवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, सही घ्यायला ऑफिसात, वॉर्डबॉय मामा नाहीत म्हणून ट्रॉली ढकलत एक्स-रेला. या फेऱ्या मोज.

मी हे एका मेमोमुळे शिकले. तो मीच दिला होता. नाईटला एकटी सिस्टर, 38 पेशंट. कफ ओढून काढायची नळी, सक्शन कॅथेटर, आणायला ती खालच्या मजल्यावर गेली. तेवढ्यात एकाच्या ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतलं पाणी-रक्त बाहेर काढणाऱ्या नळीत, ताजं रक्त भरलं, नाडी 130. पेशंट पुन्हा ऑपरेशन थिएटरात, ओटीत गेला, वाचला. मी लिहिलं, 'जागेवर नव्हती.' कॅथेटर वॉर्डात का नव्हते, ते लिहिलं नाही. इंडेंट माझ्याकडून राहिली होती. इनचार्ज होऊन मला तीनच महिने झाले होते, वरून जाब मलाच विचारणार होते. एवढं तरी तू समजून घे. पण तिच्या फाईलला तो कागद लागला तो लागलाच.

आणि 'वर आकडे द्यावेच लागतात' हे मला सांगू नकोस. दे ना! एका सिस्टरमागे पेशंट किती, हा आकडा पहिल्या ओळीत दे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांवरून दाखवलं, की सिस्टरमागे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या रुग्णांत तीस दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते.

ओटीची यादी लांब असेल त्या दिवशी, सकाळचं ओव्हर झालं, म्हणजे रात्रपाळीने काम सोपवलं, की एकाच सिस्टरमागे दुपारपर्यंत चाल. हे तिच्याविरुद्ध नाही, ते तिला आधी सांग. पेशंटपासून ती दर वेळी कशासाठी लांब गेली, एवढंच लिही. मध्येच कुणी हाक मारली तर वही ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. मग वही घेऊन घरी ये, दोघी बसून पाहू.

तुझी,
जुनी इनचार्ज