ओपन-वर्ल्ड झोंबी गेममध्ये वेळेची मर्यादा असली की मजा वाढते की जाते?

वाढते. आता सविस्तर.

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे शनिवार-रविवारी जेमतेम दोन तास मिळतात, मग ‘डेड रायझिंग’ या झोंबी गेमचं ७२ तासांचं घड्याळ डोक्यावर घेऊन खेळायचं, की घड्याळ काढून टाकलेला चौथा भाग घ्यायचा. शिवाय लॅपटॉपवर काय चालेल हेही विचारलंय. लॅपटॉपचं शेवटी बघू. घड्याळाचं मात्र आत्ताच बोलतो, कारण या विषयावर आमच्या घरी दर गणपतीत वाद होतो आणि दर वेळी मोदक आले की माझं बोलणं अर्धवट राहतं.

समोरची पार्टी म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्याहून मोठा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे: “दिवसभर ऑफिसात डेडलाईन, घरी येऊन स्वतःच्या पैशाने परत डेडलाईन विकत घेऊ का?” यावर सगळ्या मावश्या हसतात, मामा टाळी देतो, विषय संपतो. वाक्य चांगलंच आहे. पण ते त्याच्या ऑफिसबद्दल आहे, गेमबद्दल नाही.

माझा धंदा लग्नाचे फोटो काढायचा. वडिलांचा स्टुडिओ होता, तोच चालवतो. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे अल्बम बनवायचा पीसी मोकळा असतो आणि वर्षभराचं गेमिंग मी त्या महिन्यांत उरकतो. २००६ साली ‘डेड रायझिंग’ एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा आमच्याकडे एक्सबॉक्स असण्याचा प्रश्नच नव्हता. पीसीवर तो यायला २०१६ उजाडलं. मी घेतला तो मुळात हिरोसाठी. फ्रँक वेस्ट हा फोटोग्राफर! बातमीच्या मागे हेलिकॉप्टरने कोलोरॅडोतल्या विलामेट गावात येतो, मॉलच्या गच्चीवर उतरतो आणि पायलटला सांगतो, ७२ तासांनी मला न्यायला ये. खाली मॉलभर झोंबी. गळ्यात कॅमेरा, आणि चांगल्या फोटोला पॉइंट मिळतात. आमच्या लाइनचा माणूस गेममध्ये हिरो झालेला मी तरी पहिल्यांदा पाहिला.

ते ७२ तास म्हणजे आपले साधारण ६ तास. गेममधला एक तास आपल्या पाच मिनिटांत जातो. चहा उकळेपर्यंत तिकडे तास संपलेला असतो.

गणपतीत दादा आमच्याकडे आला होता. गौरी जेवल्या त्या रात्री घरातले सगळे आडवे झाले आणि आम्ही दोघं खाली स्टुडिओत बसलो. मी खेळत होतो, तो मागे खुर्ची उलटी टाकून सूचना देत होता. गेममधला दुसरा दिवस होता. ब्रॅड नावाचा सरकारी एजंट जखमी होऊन सिक्युरिटी रूममध्ये पडलेला, त्याच्यासाठी सुपरमार्केटमधून औषध आणायचं. ही मुख्य केस, म्हणजे मूळ गोष्टीचा टप्पा, आणि तिच्या वेळेची पट्टी कमी कमी होत चाललेली. माझ्या मागे मात्र वाटेत जमवलेली माणसं होती. एका बाईचा हात धरलेला, एक जण लंगडत येणारा, एकाच्या हातात मीच दिलेली बेसबॉलची बॅट. मधल्या उघड्या बागेत, लेझर पार्कमध्ये, तुरुंगातून पळालेले तिघे मशीनगन लावलेली जीप घेऊन फिरतात. त्यांना एकदा मारलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आणि नेमक्या त्याच वेळी ओटिसचा वॉकी-टॉकीवर फोन. ओटिस म्हणजे मॉलचा म्हातारा सफाईवाला. कॅमेऱ्यावर कुठे कोण अडकलंय ते सांगत असतो. त्याच्याशी बोलताना फ्रँकला हात चालवता येत नाही. झोंबीने ओढलं आणि फोन कट झाला, की तो परत फोन करून वर झापतो, मी बोलत असताना मध्येच काय ठेवतोस म्हणून. आमच्या लग्नातल्या वधूपित्यांची मला दर वेळी आठवण होते.

दादाचं सुरू होतं, “अरे सोड त्यांना, औषध आण आधी. केस जाईल.”

मी म्हटलं, “जाऊ दे. ही बाई मेली तर परत येणार आहे का?”

गेली केस. स्क्रीनवर फलक आला, सत्य अंधारात हरपलं म्हणून. दादाने हात झटकले, “संपला गेम. लोड कर.” पण गेम संपत नाही ना! लोकांना नेमकं हेच माहीत नसतं. केस गेली तरी घड्याळ चालू, मॉल चालू, हेलिकॉप्टरही यायचंच आहे. गोष्टीचा उलगडा तेवढा होत नाही, शेवट वेगळा येतो. मी माणसं घेऊन गोदामातून लिफ्टने गच्चीवर गेलो आणि एकेकाला हवेच्या पाइपमधून सिक्युरिटी रूममध्ये सुखरूप सोडलं. लंगडणारा सगळ्यात शेवटी पोचला. तोपर्यंत मला घाम फुटला होता. दादाला “हं” एवढंच सुचलं आणि तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी विसर्जनाच्या गडबडीत असताना त्याने नेटवरून एक ट्रेनर, म्हणजे गेममध्ये फसवणूक करायचा प्रोग्राम, उतरवला आणि घड्याळ गोठवलं. संध्याकाळी येऊन बघतो तर फ्रँकला बायकांचा फ्रॉक घातलेला, हातात लॉनमोअर, झोंब्यांचा आकडा हजारांत. आणि दादा जांभया देतोय. “काहीच होत नाहीये रे यात. कंटाळवाणा आहे.”

होणार कसं? या गेममध्ये सगळं वेळेवर बांधलेलं आहे. ओटिसचे फोन ठरलेल्या वेळी येतात, माणसं ठरलेल्या वेळी दिसतात, केस ठरलेल्या वेळी उघडतात. केंट नावाचा एक फोटोग्राफर तुम्हाला फोटोचं आव्हान देतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं फिरतं, तो एका माणसाला ओलीस धरतो. घड्याळ गोठवलं की ओटिस गप्प, केंट गप्प, उरतो तो फक्त मॉल आणि मॉलमध्ये झोंबी. मुहूर्तच काढून टाकलेल्या लग्नात मांडव, बँड, पंगत सगळं असेल, पण अंतरपाट कधीच दूर होणार नाही, तसलं काहीतरी. तरी हा माणूस आजही चारचौघांत सांगतो, “मी खेळलोय तो गेम, काही दम नाही.” दादा, तू मॉलमध्ये फिरून आलास. त्याला गेम खेळणं म्हणत नाहीत.

आता घड्याळ नेमकं काय करतं ते सांगतो, कारण “थरार वाढतो” एवढं कोणीही सांगेल. झोंबी स्वतः मंद आहेत. एकटा झोंबी तुमचं काही बिघडवू शकत नाही. घड्याळ नसेल तर त्यांना वळसा घालून निवांत जाता येतं. घड्याळ आलं की तोच मंद घोळका महाग पडतो, कारण वळसा म्हणजे मिनिटं. मग मॉलचा नकाशा पाठ होतो, कुठल्या दुकानात संत्र्याचा ज्यूस आहे ते पाठ होतं. मॉलच्या वंडरलँड प्लाझा भागात रोलर-कोस्टरच्या राइडवर दोन चेनसॉ घेतलेल्या जोकरला मारून ग्रेगला सोडवलंत, तर तो स्वच्छतागृहातून पॅराडाइज प्लाझात निघणारी चोरवाट दाखवतो. ती सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडलो होतो, कारण लेझर पार्क आणि ती जीप टळली. घड्याळ नसतं तर त्या वाटेची किंमत काय? शून्य.

आणि कोणाला सोडायचं हे ठरवायला लागतं. इतर ओपन-वर्ल्डमध्ये नकाशावर पन्नास चिन्हं पेरलेली असतात, एखादी आई सांगते माझं पोर सापडत नाही, आणि तुम्ही महिनाभर मासे पकडून परत गेलात तरी ती त्याच खांबापाशी उभी राहून तेच सांगते. याला लोक स्वातंत्र्य म्हणतात. मला तो खोटेपणा वाटतो.

गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने पुढे दादासारख्यांचं ऐकलं. दुसऱ्या भागात, २०१० मध्ये, घड्याळ होतं आणि वर नव्या हिरोच्या, चक ग्रीनच्या, लेकीला, केटीला, रोज सकाळी ठरल्या वेळेत झोंब्रेक्सचं, म्हणजे चावलेल्या माणसाचा झोंबी होऊ न देणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन द्यायचं होतं. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात चांगली कल्पना तीच, कारण तिथे घड्याळाला चेहरा आहे. ‘ऑफ द रेकॉर्ड’ या दुसऱ्या भागाच्याच वेगळ्या आवृत्तीत त्यांनी घड्याळ नसलेला सँडबॉक्स, म्हणजे मोकळं हिंडायचा प्रकार, वेगळा दिला, तोही ठीकच, ज्याला फ्रॉक घालून फिरायचंय त्याने तिथे फिरावं. तिसऱ्या भागात वेळ इतका सैल केला की घड्याळ आहे हेच विसरायला होतं. खरं घड्याळ हवं तर नाइटमेअर मोड लावा. आणि चौथ्यात, २०१६ मध्ये, फ्रँक परत आला, विलामेट परत आलं, फक्त घड्याळ गायब. वाचवलेली माणसं आपापली घरी जातात, त्यांना नेऊन सोडायची भानगड नाही. २०१८ मध्ये तो बनवणारा कॅपकॉमचा व्हँकुव्हरचा स्टुडिओच बंद झाला. दादाने चौथा भाग सेलमध्ये घेतला होता. अर्ध्यावर सोडला. का सोडलास विचारलं तर म्हणतो वेळ नाही मिळाला.

आता न्यायाने बोलायचं तर सगळंच घड्याळामुळे झालं असं नाही. चौथ्यात फ्रँकचा आवाज बदलला, विक्षिप्त खलनायकांमधली जान गेली, बरंच काही गेलं. आणि मूळ गेमची घड्याळाविरुद्धची अर्धी तक्रार खरं तर घड्याळाबद्दल नाहीच. सोबतची माणसं अडाणी होती. दारासमोर उभं राहून झोंब्याला चावू द्यायची. मूळ आवृत्तीत एका वेळी एकच सेव्ह ठेवता यायची, त्यामुळे चुकीच्या वेळी स्वच्छतागृहात जाऊन सेव्ह केलं की कोपऱ्यात अडकलात. अशा ठिकाणी वेळेचं बंधन म्हणजे शिक्षा, हे दादाचं म्हणणं मान्य. (हे त्याला सांगू नका.)

घड्याळ सगळ्यांनी याच पद्धतीने लावावं असंही नाही. ‘डायिंग लाइट’मध्ये सूर्य मावळला की पळायचं, ‘सेव्हन डेज टू डाय’मध्ये दर सातव्या रात्री झुंडी, ‘प्रोजेक्ट झोंबॉइड’मध्ये एक दिवस वीज जाते, एक दिवस नळ कोरडे पडतात. ही घड्याळंच आहेत, फक्त काटे दिसत नाहीत. मला आवडत नाही ती पहिल्या ‘स्टेट ऑफ डिके’ची तऱ्हा. गेम बंद केला तरी आतला वेळ सरकतो आणि आठवडाभराने येऊन बघावं तर साठा घटलेला. तुमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

तर तुमचं. दोन तासांचा शनिवार-रविवार धरला तर ७२ तासांची एक फेरी तीन आठवड्यांत होते. पहिल्या फेरीत सगळं जमवायचा हट्ट नको. मेलात किंवा अडकलात तर फ्रँकची लेव्हल ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. गेम त्यासाठीच बांधलाय. दुसऱ्या फेरीत तुम्ही वेगवान असता, ताकद जास्त, नकाशा डोक्यात. आणि कृपा करून ट्रेनर लावू नका. घरात एखादा मोठा भाऊ मागे बसून “लोड कर” म्हणत असेल तर त्याच्या हातात कंट्रोलर द्या आणि ती बाई तूच पोचव म्हणा.

२०२४ मध्ये डिलक्स रीमास्टर आलाय. त्यात घड्याळ जसंच्या तसं आहे, वर ऑटोसेव्ह आहे, सोबतच्या माणसांना थोडी अक्कल आलीय आणि वाट बघायचा कंटाळा आला तर वेळ पुढे ढकलता येतो. थांबवता मात्र येत नाही; अठरा वर्षांनी कॅपकॉमने माझ्या बाजूने दिलेला निकाल समजतो मी तो. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर रीमास्टरच्या नादी लागू नका, तो कॅपकॉमच्या नव्या, जड आरई इंजिनवर आहे, पंखा बोंबलेल. २०१६ ची जुनी पीसी आवृत्ती हलकी आहे, ती घ्या. ग्राफिक्स जुनाट वाटतील, आणि तिच्यात ओटिस फोन करत राहील. उचला.