तबला क्लासमध्ये बोलतो, घरी का नाही?

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी तीन महिन्यांपासून तबला शिकते आहे. क्लासमध्ये तिचा 'ना' हा बोल खणखणीत येतो, घरी मात्र नुसता बदबद आवाज. सर अजून तीनतालाच्या ठेक्यापुढे गेलेले नाहीत. मला तबल्यातलं काही कळत नाही. घरी मी काय बघू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तबला तपासा, मुलीचा हात नंतर. क्लासमधला तबला सुरात लावलेला असतो. घरचा बहुतेक वेळा दुकानातून आला तसाच असतो. दमट हवेत पुडी (तोंडावरचं कातडं) सैल पडते, स्वर उतरतो. साडेपाच इंच तोंडाचा तबला साधारण काळी एकला (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लागतो. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर तो स्वर लावा आणि मुलीला चाटेवर (पुडीच्या काठाच्या पट्टीवर) चहूबाजूंनी 'ना' वाजवायला सांगा. जिथे उतरलेला वाटेल तिथे गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामड्याच्या विणलेल्या कडेवर) वरून खाली हातोडीचा हलका ठोका द्या, मग समोरच्या बाजूलाही. चढला असेल तर खालून वर. फारच उतरला असेल तर बाजूच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकावे लागतात. ते पहिल्यांदा सरांसमोरच करा, एकाच बाजूला ताण आला तर पुडी फाटते.

तबला सुरात असूनही 'ना' बदबदला, तर अनामिका बघा. ती शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेवर नुसती टेकलेली हवी. दाबली की आस (मागे घुमत राहणारा नाद) मरते. तर्जनी चाटेवर पडून लगेच उठायला हवी, लहान मुलांची ती तिथेच चिकटते. तिचे खांदे वर जात असतील तर तिच्या बुडाखाली चादरीची घडी द्या.

तीन महिने तीनतालावरच, यात काहीही संथ नाही. ती बोल म्हणेल तेव्हा तुम्ही हाताने ताल धरा : सोळा मात्रांपैकी 1, 5, 13 वर टाळी, 9 वर खाली (टाळी न देता हात नुसता बाजूला). मग तेच वाजवताना कान डग्ग्याकडे (जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याकडे) ठेवा. 10 ते 13 या मात्रांना, म्हणजे 'तिं तिं ता ता'ला, डग्गा घुमता कामा नये. 14 व्या 'धिं'ला तो परत यायला हवा. नवशिक्यांचा गोंधळ हमखास इथेच होतो. डग्गा बंद करायचं राहतं, नाहीतर परत आणायचं. चुकलं की पूर्ण ठेका पुन्हा नको, 9 पासून 16 पर्यंतचाच तुकडा निम्म्या लयीत चार-पाचदा घ्या.

रोज वीस मिनिटं पुरेत. आणि पाहुण्यांसमोर 'वाजवून दाखव' सध्या बंद. तेव्हा लय पळतेच.