वाळवंटात मुक्काम कुठे टाकायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अँझा-बोरेगो वाळवंटाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली. त्यातले चार घेतलेत, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही दोघं सॅन डिएगोला असतो, सुबारू आउटबॅक आहे. कॅम्पग्राउंडला गेलो की शेजाऱ्याचा जनरेटर आणि त्याची गाणी, वैताग येतो. आम्हाला एकदम एकांत पाहिजे. अँझा-बोरेगोमध्ये कुठेही तंबू टाकता येतो म्हणे, खरंय का? आणि जागा शोधायची कशी, नकाशात तर सगळं तपकिरीच दिसतं.

उत्तर: खरंय, जवळजवळ कुठेही, आणि फुकट. स्टेट पार्क असून अशी मोकळीक देणारी जागा कमीच. कच्चे रस्ते सगळे मिळून साधारण ५०० मैल, म्हणजे जागेची टंचाई अजिबात नाही. पण कुठेही म्हणजे गाडी कुठेही नाही हां. गाडी रस्त्यापासून एका गाडीच्या लांबीएवढीच आत घ्यायची, झुडपांवरून नेऊन स्वतःचा नवीन रस्ता काढायचा नाही. शेकोटी उघड्या जमिनीवर नाही, धातूच्या भांड्यात किंवा टबात, आणि राख घरी परत. लाकडं घरून न्यायची, तिथली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. पाण्याच्या जागेपासून लांब राहायचं, कारण रात्री तिथे ज्यांना प्यायला यायचं असतं ते तुम्हाला बघून येत नाहीत. (बोरेगो म्हणजे स्पॅनिशमध्ये मेंढी, तिथल्या रानमेंढ्यांना उन्हाळ्यात पाणी निवांत पिता यावं म्हणून कोयोटी कॅन्यन जून ते सप्टेंबर माणसांना बंदच असतं.)

आता एकांत. लोकांना वाटतं त्यासाठी वीस मैल आत घुसावं लागतं, मलाही वाटायचं, उगाच गाडीचे हाल केले. खरं म्हणजे पहिली जरा खोल वाळू आली किंवा पहिला मोठा दगड आला की निम्म्या गाड्या तिथूनच मागे फिरतात, आणि तो टप्पा पार केला की पुढचं एखाददुसरं वळण पुरतं, मध्ये एक छोटी टेकडी आली की आवाज आणि दिवे दोन्ही अडतात. आउटबॅकला जमिनीपासून साडेआठ इंचाच्या वर जागा आहे, कडक कच्च्या रस्त्यावर मस्त चालते, पण लो रेंज (हळू पण जास्त ताकदीने चढायचे खालचे गिअर) नाही, त्यामुळे दगडांच्या पायऱ्या असल्या की सोडून द्या. आणि कॅलेंडर बघा, नकाशाएवढंच ते महत्त्वाचं. पाऊस चांगला झाला की मार्चमध्ये फुलं बघायला अख्खं लॉस एंजेलिस लोटतं, २०१७ आणि २०१९ ला तर गावात गाडी हलत नव्हती. नोव्हेंबर किंवा जानेवारीतला मंगळवार घ्या, अमावास्येच्या आसपासचा. बोरेगो स्प्रिंग्ज हे २००९ पासून डार्क स्काय गाव आहे, गावातच दिवे जपून लावतात, त्यामुळे आकाशगंगा दिसते म्हणजे अगदी सांडल्यासारखी.

जागा मात्र गाडीत बसून ठरवायची नाही. दुपारी तीनच्या आत पोचा, गाडी बंद करा, पाय मोकळे करत फिरा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंधारात पोचलो, एक सपाट मऊ वाळूची जागा दिसली, म्हटलं वा, गादीच आहे. सकाळी उठून बघतो तर बाजूच्या झुडपात माझ्या कमरेएवढ्या उंचीवर काडीकचरा अडकलेला. ज्यांनी पूर ओसरल्यावर नदीकाठची बाभळ बघितलीय त्यांना सांगायला नको, पाणी कुठवर आलं होतं ते. ती गादी म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र होतं, इथे वॉश म्हणतात. आणि पाऊस तुमच्या डोक्यावरच पडायला हवा असं नाही, वर डोंगरात पडला तरी खाली चांदण्यात पाणी येतं. म्हणून काठावरच्या उंच सपाटीवर तंबू, खडी टोचली तरी चालेल. पडायला आलेल्या कड्याखाली नको आणि चोया निवडुंगाजवळ तर नकोच. तो लांबून टेडी बेअरसारखा गोंडस दिसतो, पायाला चिकटला की हाताने ओढू नका, हातालाही चिकटतो. कंगवा घालून झटकायचा. कंगवा वरच्याच खिशात ठेवा.

प्रश्न: दादा, माझ्याकडे फोर बाय फोर पिकअप आहे, फुल साइज. फाँट्स पॉइंटला, तिथल्या देखाव्याच्या कड्यावर, जाताना वाळूत रुतलो, दोन तास गेले, शेवटी एका आजोबांनी जीपने ओढून काढलं. फोर व्हील लावलं होतं तरी असं का झालं? आणि पुढच्या वेळी पिन्यन माउंटन रोड करायचा विचार आहे, जमेल का?

उत्तर: हवा किती होती टायरमध्ये? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणजे मी समजतो रस्त्यावरचीच, ३५ पीएसआयच्या पुढे. तिथेच घोळ आहे. कडक टायर वाळूत सुरीसारखा शिरतो, हवा कमी केली की तो पसरतो, लांबट होतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. फाँट्स पॉइंटच्या त्या चारेक मैलांसाठी २० पर्यंत आणा, फार मऊ असेल तर १८. पंधराच्या खाली मी जात नाही, वळताना टायर रिममधून निसटायची भीती. मग एकसारखा वेग ठेवायचा, जोरात नाही पण थांबायचंही नाही, ब्रेक मारायचा नाही (वाळूच थांबवते), ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून बघायचा, तो बिचारा नेमका नको तेव्हा ताकद काढून घेतो. आणि चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं वाटलं की त्या क्षणी पाय काढा. तुम्ही काढला नसणार, कोणीच काढत नाही, आपण अजून थोडं दाबतो आणि गाडी पोटावर बसते. उतरा, फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढा, हवा अजून थोडी सोडा, आणि आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्स, कारण तिथली वाळू आधीच दाबली गेलेली असते. डांबरी रस्ता लागला की हवा परत भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवाच. मऊ टायरवर ताशी ६५ मैलांच्या वेगाने निघालात तर टायर तापून फुटेल.

पिन्यन माउंटन रोड सध्या नको, स्पष्ट सांगतो. त्यावर द स्क्वीझ नावाची दोन खडकांमधली फट आहे, फुल साइज पिकअपचे आरसे दुमडून, एक माणूस पुढे उभा करून जावं लागतं आणि तरी दरवाजा घासू शकतो. ती पार केली की हार्ट अटॅक हिल, नावावरून समजा. खाली उतरता येतं, वर चढून परत यायचा विचारच करू नका. म्हणजे उतरलात की फिश क्रीकच्या बाजूने बाहेर पडायचं, मधे बिघाड झाला तर फोनला रेंज नाही. असा रस्ता एकट्या गाडीने करायचा नाही, दुसरी गाडी पाहिजे आणि स्टेपनी पूर्ण आकाराची पाहिजे. त्याऐवजी उलट बाजूने फिश क्रीकच्या वॉशमधून स्प्लिट माउंटनची घळ बघा, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, आणि वाळू बहुतेक घट्ट असते. वाटेल तिथून मागे वळता येतं, हे मला त्या रस्त्यात सगळ्यात आवडतं. रंगाची फार काळजी असेल तर तेही आत्ताच सांगतो, कॅटक्लॉची झुडपं दोन्ही बाजूंनी ओरखडे काढतातच, आपल्या खैराच्याच कुळातली आहेत, काटे तसेच वाकडे.

प्रश्न: विचारायला लाज वाटते पण संडासचं काय करायचं?

उत्तर: लाज कसली, पहिला प्रश्न हाच हवा. छोटं फावडं, सहा ते आठ इंच खड्डा, वाट आणि पाण्यापासून दोनशे फूट तरी लांब, नंतर बुजवायचा. कागद पुरू नका, कोरड्या हवेत तो सडत नाही आणि कोयोटी (तिथले कोल्ह्यासारखे प्राणी) उकरून पसरवतात. झिपच्या पिशवीत घालून परत आणा. पाणी वापरणाऱ्यांचा इथे फायदाच. फक्त ते पाणी प्यायच्या हिशोबात धरू नका, प्यायला माणशी दिवसाला एक गॅलन, आणि एक दिवसाचं जास्तीचं.

प्रश्न: ताईंनो-दादांनो, आई-बाबा नाशिकहून आलेत, दोघंही सत्तरीचे, पण हौस दांडगी. त्यांना वाळवंटात एक रात्र न्यायचंय. भाड्याची एसयूव्ही घेऊ का?

उत्तर: भाड्याच्या करारात बहुतेक वेळा कच्चा रस्ता चालत नाही असं बारीक अक्षरात असतं, विमाही मग हात वर करतो, तो आधी वाचा. स्वतःची साधी गाडी असेल तर ब्लेअर व्हॅलीला न्या, पाऊस नसेल तर साधी गाडी हळूहळू जाते आणि मोठ्या खडकांच्या आडोशाला वारा कमी लागतो. उंचीवर आहे, त्यामुळे दिवसा स्वेटर काढाल आणि रात्री दोन घालाल, कानटोप्या विसरू नका. काकूंसाठी खुर्ची उंच घ्या, त्या खालच्या कॅम्पिंगच्या खुर्चीतून उठवत नाही. तंबूऐवजी त्यांना गाडीत सीट पाडून झोपवलंत तरी बिघडत नाही. आणि सकाळी मोर्तेरोसची छोटी वाट चालून या, कुमेयाय या इथल्या मूळ जमातीच्या बायकांनी दाणे कुटून कुटून खडकात पडलेली उखळं आहेत तिथे, पन्नास वर्षं स्वयंपाक केलेल्या आईला ती काय आहेत ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.