दोन भावांची कथा लिहिताना

घोडबंदर रोडच्या टॉवरमधला धाकटा भाऊ आणि वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडल्यावर ठाण्यातल्या चाळीतच राहिलेला थोरला, हा विषय तुम्ही कथेसाठी उत्तम निवडला आहे. मात्र त्यांच्या तोंडी विषमतेवरची भाषणे घालू नयेत. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात वडिलांच्या दिवसकार्याच्या खर्चावरूनच गावातला भास्कर आणि मुंबईहून आलेला त्याचा भाऊ सुधीर यांच्यातले अंतर उघडे पडते, आणि गंजत पडलेला ट्रॅक्टर उरलेले सांगतो. तुमच्या कथेत आईच्या औषधांचे बिल आहे. ते कोण भरतो यापेक्षा धाकट्याची बायको पावती कुठे जपून ठेवते, हे लिहावे. थोरल्याला निव्वळ सज्जन करू नये (नवोदित हटकून करतात). पुनर्विकासातली खोली त्यालाही एकट्याच्याच नावावर हवी असू द्यावी.